आईच्या वाटेने आलेली लस

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत गेलं तर दोन प्रकारच्या बाया बसलेल्या दिसतात. काही गरोदर असतात, काहींच्या कडेवर लेकरू असतं. सिस्टरबाईंनी आणलेला निळा लसडबा टेबलावर असतो, आशाताई यादीतली नावं पुकारत असते. गरोदर बाईला दंडात धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं. ते आता धनुर्वात आणि घटसर्प असं दोन्हींचं झालं असलं तरी बाया अजून त्याला टीटीच म्हणतात. बाळाला जन्मताच बीसीजी, काविळीची लस आणि पोलिओचे थेंब मिळालेले असतात. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या फेऱ्यांत पेंटा, रोटा, न्यूमोकोकल अशा लसी होतात. गोवर-रुबेलासाठी नऊ महिने थांबायचं. कार्डावर प्रत्येकाचा रकाना आहे. मात्र बाळाची छाती भरवणारा आणि पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात घातक ठरणारा एक विषाणू त्या कार्डावर कुठेच नाही.

त्याचं नाव रेस्पिरेटरी सिन्सिटियल व्हायरस. डॉक्टर मंडळी त्याला आरएसव्ही म्हणतात. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. धडधाकट मोठ्या माणसाला त्याने सर्दी होते आणि आठवड्यात जाते. दोन महिन्यांच्या बाळाचं तसं नसतं. त्याच्या फुप्फुसातल्या शेवटच्या श्वासनलिका एक मिलिमीटरहूनही बारीक असतात. त्यांना आतून सूज आली आणि चिकट स्राव साचला की हवा आत जाते पण बाहेर निघत नाही. लेकरू धापायला लागतं, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते, पोट उडायला लागतं, आणि दूध ओढायला त्याच्यात दम राहत नाही. यावर नेमकं औषध नाही. ऑक्सिजन द्यायचा, नाक मोकळं ठेवायचं, दूध नळीने पाजायचं आणि त्याच्या शरीराने विषाणूवर मात करेपर्यंत त्याला जगवायचं, एवढंच हातात असतं. २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालची सुमारे १ लाख १ हजार ४०० मुलं या विषाणूने गेली आणि त्यांतली ४५ हजार ७०० सहा महिन्यांचीही नव्हती, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरातले सत्त्याण्णव मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते.

या विषाणूची ओळख १९५६ सालची. बाळांना वाचवणारी लस आईला देण्याची परवानगी अमेरिकेत मिळाली २०२३ साली. मधली सदुसष्ट वर्षं कशी गेली, त्यांतला काही भाग आपल्या महाराष्ट्रात कसा घडला, आणि जालन्यासारख्या जिल्ह्याशी त्याचा काय संबंध आहे, हे सांगायला हवं.

विषाणू पहिल्यांदा माणसात सापडलाच नाही. वॉशिंग्टनमधल्या वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेत पाळलेल्या चिंपांझींना सर्दी झाली आणि त्यांच्यातून एक अनोळखी विषाणू निघाला. तेव्हा त्याला चिंपांझीच्या सर्दीचाच विषाणू म्हणत. पुढे रॉबर्ट चॅनॉक या तरुण बालरोगतज्ज्ञाला बाल्टिमोरमध्ये छातीच्या आजाराने बेजार झालेल्या दोन बाळांत तोच विषाणू मिळाला. काचपात्रात वाढवलेल्या पेशी तो एकमेकींना जोडून त्यांचा एकच मोठा गोळा करतो, हे चॅनॉक यांनी पाहिलं आणि त्यावरून त्याचं आजचं नाव पडलं. काही वर्षांतच लक्षात आलं की तान्ह्या बाळांना रुग्णालयात आणणारा हा पहिल्या क्रमांकाचा विषाणू आहे.

मग लस करायचं ठरलं. जोनास सॉक यांच्या पोलिओ लसीला १९५५ साली मोठं यश मिळालं होतं. विषाणू फॉर्मॅलिनमध्ये मारायचा आणि मेलेला विषाणू टोचायचा, अशी तिची रीत. तीच रीत इथे लावली. १९६६ साली वॉशिंग्टनमध्ये ही नवी लस बाळांना टोचली गेली. हिवाळा आला, आरएसव्हीची साथ आली आणि जे झालं ते कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. लस दिलेल्या ३१ बाळांपैकी २० जणांना संसर्ग झाला आणि त्यांतल्या १६ बाळांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. दुसरी लस दिलेल्या तुलनेच्या गटात २१ बाळांना संसर्ग झाला आणि दाखल करावं लागलं ते एकाच बाळाला. आरएसव्हीची लस घेतलेली दोन मुलं दगावली. जिने वाचवायचं तिनेच आजार वाढवला होता.

या प्रकरणाची एक बाजू मला महत्त्वाची वाटते. ज्यांनी ही लस दिली त्याच डॉक्टरांनी १९६९ साली हे सगळे आकडे स्वतःच्या नावानिशी छापले. किती बाळं, किती दाखल, किती दगावली, काहीही झाकलं नाही. त्या दोन मुलांच्या घरच्यांचं दुःख त्याने कमी झालं नसेल. पण पुढच्या प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर तो निबंध राहिला, आणि हे असं का झालं याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुन्हा तान्ह्या बाळाला सुई लावायची नाही, असा दंडक त्यातूनच पडला. उत्तर मिळायला जवळपास अर्धं शतक लागलं. लसीच्या सुरक्षिततेबद्दल आज कोणी शंका घेतली तर तिला उडवून लावण्यापेक्षा १९६६ सालची ही गोष्ट सांगावी असं मी म्हणेन. शंका आधी शास्त्रज्ञांनाच आली होती आणि तिच्यासाठी ते थांबले होते.

त्याच १९६६ साली पुण्यात हडपसरला सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. घराण्याचा व्यवसाय घोड्यांच्या पैदाशीचा. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात, तिथे त्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचा प्रतिविषाचा रस काढत. हे आपणच का करू नये, या विचारातून सीरम उभी राहिली आणि तिचं सुरुवातीचं उत्पादनही धनुर्वाताचंच प्रतिविष होतं. घोड्याच्या शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं माणसाला आयती द्यायची, ही ती पद्धत. रोग्याच्या शरीराने स्वतः काही शिकण्याची वाट पाहायची नाही. तान्ह्या बाळांसाठी हा विचार पुढे फार मोलाचा ठरणार होता, कारण तान्ह्या बाळाकडे शिकायला वेळच नसतो. दीड महिन्याला पहिला डोस दिला तरी प्रतिकारशक्ती नीट उभी राहीपर्यंत तीन-चार महिने जातात, आणि आरएसव्हीचा सर्वांत वाईट काळ त्याच्या आधीच येतो.

दुसरी वाट आईची. मराठवाड्यात बाळाच्या पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते, तेव्हा ती बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते असं मानतात. जुन्या काळी त्याच आठवड्याच्या आसपास चांगलं गुटगुटीत बाळ अचानक दूध ओढणं थांबवायचं, जबडा आवळायचा, अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं आणि दोन-चार दिवसांत ते जायचं. विळ्याने कापलेली नाळ आणि तिच्यावर लावलेली राख किंवा शेण, त्यातून शिरलेला हा धनुर्वात. बाळाला लस देऊन तो थांबवणं शक्यच नव्हतं. म्हणून लस आईला गरोदरपणातच दिली गेली. तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वारेतून बाळात उतरली आणि बाळ जन्माला येतानाच संरक्षण घेऊन आलं. दवाखान्यातली बाळंतपणं आणि स्वच्छ नाळ यांचाही वाटा मोठा आहे. २०१५ साली भारत माता आणि नवजात धनुर्वातापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्याचा निकष असा की देशाच्या प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे नवजात धनुर्वाताचा एकही पूर्ण रुग्ण भरता कामा नये. प्रत्येक जिल्ह्यात म्हणजे जालन्यातही. मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या ज्या बाईने मुकाट्याने दंड पुढे केला, तिने जे साधलं ते किती मोठं होतं हे तिला कोणी नीट सांगितलं असेल असं वाटत नाही.

आईची प्रतिद्रव्यं कायमची टिकत नाहीत. ती हळूहळू ओसरतात. गोवराची लस नऊ महिन्यांना देण्याचं कारणही त्यातलंच आहे, आईची प्रतिद्रव्यं बाळात असेपर्यंत लस नीट धरत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ पसरली तेव्हा नऊ महिन्यांच्या आतली बाळंही त्यात सापडली आणि सरकारला साथीच्या भागात सहा महिन्यांपासून जादा डोस द्यावा लागला. हे ओसरणं किती वेगाने होतं यावर आरएसव्हीच्या लसीचं सगळं गणित पुढे बसवावं लागलं.

आरएसव्हीच्या लसीचं काम अडलेलं होतं, त्या काळात महाराष्ट्रात एक वेगळाच प्रयोग झाला. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ साली गडचिरोलीच्या खेड्यांत बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. न्यूमोनिया ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे मिनिटाला किती श्वास. दोन महिन्यांखालच्या बाळात साठ, त्याहून मोठ्यात पन्नास, याच्या वर गेलं की धोका. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर काय करायचं? मग एक साधं यंत्र तयार झालं. एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घडी आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक लहान बाळांसाठी आणि एक मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्याशी पोचलं तर न्यूमोनिया. सुईणी आणि गावातले तरुण हे शिकले आणि त्यांनीच औषध पाजलं. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. उपचार झालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी कमी होते. बाळाचा सदरा वर करून त्याच्या पोटाकडे बघत श्वास मोजण्याची जी रीत आज आशाताईला शिकवतात, तिच्यामागे गडचिरोलीचं हे काम आहे.

पण पाजलेलं औषध प्रतिजैविक होतं. ते जंतूंवर चालतं, विषाणूवर चालत नाही. त्यामुळे जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया हटायला लागला तसतसा विषाणूचा वाटा उघडा पडत गेला. पुढे पेंटा आली, न्यूमोकोकल लस २०२१ मध्ये देशभर गेली, आणि छाती भरलेल्या बाळांत उरला तो मुख्यतः आरएसव्ही.

श्रीमंत देशांना १९९८ साली थोडा दिलासा मिळाला. पॅलिविझुमॅब नावाचं, प्रयोगशाळेत बनवलेलं एकाच प्रकारचं प्रतिद्रव्य अमेरिकेत मंजूर झालं. घोड्याची गरज उरली नव्हती, तत्त्व मात्र तेच, आयतं संरक्षण. दर महिन्याला एक असं पूर्ण हंगामभर इंजेक्शन घ्यायचं आणि तेही अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदयाचा जन्मजात दोष असलेल्या बाळांनीच, कारण किंमत अफाट. आपल्याकडे खेड्यातल्या बाळापर्यंत ते पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

खरं कोडं सुटलं ते २०१३ साली. आरएसव्हीच्या अंगावर एफ नावाचं एक प्रथिन असतं. पेशीत शिरताना ते आपला आकार बदलतं. शिरण्याआधी आखूड आणि गोळीबंद, शिरताना लांबट आणि ताणलेलं. आखूड रूप फार अस्थिर, जरा धक्का लागला की लांबट होतं. १९६६ च्या लसीतलं प्रथिन फॉर्मॅलिनमध्ये राहून लांबट रूपात गेलेलं होतं. बाळाच्या शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवली, ती विषाणूला चिकटली, पण त्याला रोखू शकली नाहीत, आणि फुप्फुसात उलट दाह वाढला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि जेसन मॅक्लेलन यांनी आखूड रूपाची अणूंपर्यंतची रचना शोधून काढली आणि मग ते रूप तसंच कुलूपबंद करून ठेवायची युक्तीही काढली. ग्रॅहम यांनी या एका विषाणूवर आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली होती. त्यांच्या चमूने यातून घेतलेला धडा पुढे कोविडच्या लसींतही वापरला गेला, तिथेही काटेरी प्रथिन शिरण्याआधीच्या रूपात थोपवून धरलेलं आहे. कोविडची लस वर्षभरात कशी आली असं लोक विचारतात, त्याचं अर्धं उत्तर तान्ह्या बाळांच्या छातीच्या या जुन्या दुखण्यात आहे.

लस कोणत्या आकाराची हवी ते कळलं. पण ती कोणाला, कधी द्यायची? आरएसव्हीने बाळं नेमकी कुठे आणि किती वयाची असताना जातात, याची माहिती बहुतेक रुग्णालयांतून आलेली होती. जी बाळं रुग्णालयात पोचलीच नाहीत, त्यांचं काय? या प्रश्नाचं एक उत्तर अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातून आलं.

मेळघाट म्हणजे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, कोरकूंचा मुलूख. नव्वदच्या दशकात इथले बालमृत्यू वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले आणि उच्च न्यायालयापर्यंत गेले. कुपोषण हा शब्द तेव्हा मेळघाटाला जो चिकटला तो अजून सुटलेला नाही. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव आणि डॉ. कविता सातव यांनी ‘महान’ ही संस्था उभी केली आणि गावागावांतल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. २०१६ पासून पुढची काही वर्षं ९३ गावांत दोन वर्षांखालच्या प्रत्येक बाळावर लक्ष ठेवायचा एक मोठा अभ्यास झाला. कोलोरॅडो विद्यापीठाचे एरिक सिमॉइस, नागपूरच्या बालरोगतज्ज्ञ विभावरी दाणी, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या वर्षा पोतदार असे अनेक जण त्यात होते.

कामाची पद्धत ऐकायला सोपी आणि करायला अवघड होती. गावातल्या सेविकेने घरोघर जायचं, बाळाचा श्वास मोजायचा, आजारी दिसलं तर डॉक्टरला कळवायचं, नाकातून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा. आणि एखादं बाळ घरीच गेलं, तर आईबापांच्या परवानगीने, दफनाच्या आधी, त्याच्याही नाकातून नमुना घ्यायचा. ज्या घरात नुकतं लेकरू गेलंय त्या घराच्या दारात उभं राहून हे विचारायचं. विचारणारी बाई त्याच गावची, त्याच भाषेत बोलणारी, कदाचित त्या बाळंतपणातही हजर असलेली. बाहेरून आलेल्या माणसाला ते दार उघडलं नसतं. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं किंवा उडायला लागलं की पोटाला तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ नावाची जुनी रीत आहे. तिच्यावर बाहेरच्यांनी पुष्कळ लिहिलं आहे, बहुधा रागाने. तीच रीत पाळणाऱ्या समाजातल्या आईबापांनी आपल्या गेलेल्या लेकराचा नमुना दुसऱ्यांची लेकरं वाचावीत म्हणून घेऊ दिला, हेही तितक्याच ठळकपणे लिहायला हवं.

२०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दवाखान्याचं तोंडही न बघता गेलेल्या बाळांत आरएसव्ही सापडला होता. साधारण त्याच काळात झांबियाची राजधानी लुसाका इथे शवागारात आणलेल्या बाळांचे असेच नमुने घेतले गेले आणि तिथेही घरी गेलेली बाळं आणि अगदी पहिले काही महिने असंच चित्र दिसलं. रुग्णालयांचे आकडे जगाला अर्धीच गोष्ट सांगत होते. घरी जाणारं बाळ वाचवायचं असेल तर ऑक्सिजनची खाट पुरेशी नाही, कारण ते तिथवर येतच नाही. संरक्षण आधीच त्याच्या अंगात असायला हवं. गरोदर आईची लस हा विचार जागतिक पातळीवर पुढे रेटला गेला त्यामागे मेळघाटातल्या त्या नमुन्यांचंही बळ आहे.

लस मात्र सहज मिळाली नाही. नोव्हाव्हॅक्स कंपनीच्या गरोदर मातांच्या लसीची मोठी चाचणी २०१९ मध्ये ठरवलेल्या उद्दिष्टाला पोचली नाही. ग्लॅक्सो स्मिथक्लाइनच्या लसीने बाळांचं संरक्षण चांगलं केलं, पण लस घेतलेल्या मातांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं थोडी जास्त दिसली, ६.८ टक्के विरुद्ध ४.९ टक्के. २०२२ च्या फेब्रुवारीत कंपनीने चाचणी थांबवली. फरक छोटा होता, तरी थांबवली, आणि ते बरोबरच झालं.

फायझरच्या लसीची चाचणी १८ देशांतल्या सुमारे ७ हजार ४०० गरोदर स्त्रियांवर झाली. जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत गंभीर आजाराचं प्रमाण ८१.८ टक्क्यांनी कमी झालं, सहा महिन्यांपर्यंत ६९.४ टक्क्यांनी. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा प्रश्न इथेही डोळ्यांत तेल घालून पाहिला गेला आणि सावधगिरी म्हणून अमेरिकेने ती ३२ ते ३६ आठवड्यांतच देण्याची मुभा २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिली. त्याच्या महिनाभर आधी, जुलैत, निर्सेव्हिमॅब हे दीर्घकाळ टिकणारं प्रतिद्रव्य तिथे मंजूर झालं होतं. युरोपने ते त्याच्या आदल्या वर्षीच मान्य केलं होतं. पॅलिविझुमॅबसारखं दर महिन्याला नको, बाळाला एकच इंजेक्शन आणि निदान पाच महिन्यांचं संरक्षण. एफ प्रथिनाच्या त्या आखूड रूपाला नेमकं धरणारं हे प्रतिद्रव्य आहे. पाच किलोंखालच्या बाळाला ५० मिलिग्रॅम, त्याहून जड बाळाला १००.

स्पेनच्या गॅलिसिया प्रांताने २०२३ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक बाळाला ते द्यायला सुरुवात केली. दहातल्या नऊहून अधिक बाळांना ते मिळालं आणि आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण सुमारे ८२ टक्क्यांनी घटलं. पुढच्या वर्षी चिलीने तेच केलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या मार्चमध्ये मातांच्या लसीला आपल्या पात्र लसींच्या यादीत घेतलं आणि मे महिन्यात सर्व देशांना सांगितलं की गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्यापासून आईला लस किंवा बाळाला प्रतिद्रव्य, यांपैकी एक मार्ग धरा.

भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात यांपैकी काहीही हे लिहीपर्यंत आलेलं नाही. अमेरिकेत निर्सेव्हिमॅबच्या एका डोसची छापील किंमत ४९५ डॉलर ठेवली गेली. त्या भावाने जालन्यात एकाही बाळाला ते मिळणार नाही. पण न्यूमोकोकल लसही एके काळी अशीच आवाक्याबाहेर होती आणि पुण्यात स्वस्त लस तयार झाल्यावर चित्र पालटलं, हे आपण आत्ता आत्ता पाहिलं आहे.

किंमत उतरली असं धरून जालन्याचं गणित मांडून पाहू. महाराष्ट्रात आरएसव्ही मुख्यतः पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग वर चढतो. म्हणजे सर्वांत जास्त धोका आषाढापासून आश्विनापर्यंत जन्मलेल्या किंवा तेव्हा दोन-तीन महिन्यांच्या असलेल्या बाळांना. जिल्ह्यातल्या मंठा, घनसावंगी, अंबड अशा तालुक्यांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुकादमाची उचल फेडायची असते, त्यामुळे गरोदर बाईही जाते आणि ओली बाळंतीणही. या बायांचं लसीकरण फडात हुकतं ही सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांची नेहमीची तक्रार. पण या एका लसीच्या बाबतीत वेळापत्रक आपल्या बाजूने आहे. श्रावण-भाद्रपदात बाळंत होणाऱ्या बाईचा सातवा-आठवा महिना वैशाख ते आषाढात येतो, आणि तेव्हा टोळी गावात असते. त्याच अंगणवाडीत, धनुर्वाताच्या इंजेक्शनाच्या टेबलावर, तिला ही लस देता येईल. दसऱ्याला ती बाळ घेऊन फडाकडे निघेल तेव्हा त्याच्या अंगात संरक्षण आधीच असेल आणि ते पुढचे कित्येक आठवडे पुरेल.

अडचण उरते ती दुसऱ्या बाईची. दसऱ्याला जिला चौथा-पाचवा महिना असतो तिचा सातवा-आठवा महिना फडात जातो आणि बाळ माघ-फाल्गुनात होतं. पावसाळा लागेपर्यंत ते चार-पाच महिन्यांचं झालेलं असेल आणि आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरत आलेलं. तिच्यासाठी बाळाला थेट प्रतिद्रव्य देण्याचा मार्ग अधिक सोयीचा, टोळी परत आल्यावर, पाऊस सुरू व्हायच्या आत. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन्ही मार्ग लागतील, कोणाला कोणता ते बाळंतपणाच्या महिन्यावरून ठरवावं लागेल. गावच्या आशाताईला हे महिने तोंडपाठ असतात.

स्थलांतर करणाऱ्या माता आणि बालकांचा माग ठेवणारी एक संगणकीय व्यवस्था राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०२१ च्या अखेरीस काही जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू केली. त्या पहिल्या जिल्ह्यांत मेळघाटाचा अमरावती होता आणि जालनाही होता. बाई कोणत्या गावाहून निघाली आणि कुठे पोचली, हे तिथल्या अंगणवाडीला कळावं, पोषण आहार तुटू नये, हा तिचा हेतू. त्याच नोंदीला गरोदरपणाचा आठवडा जोडला तर आरएसव्हीच्या डोसची यादी आजच तयार करता येईल, लस यायच्या आधी.